बाजाराच्या दिवशीची पुडी

माझ्या सासूबाई, कुसाबाई, कुणाच्या बापाला भीत नाहीत. म्हणूनच त्यांनी लेकाचं फर्मान मुकाट मानलं याचं मला नवल वाटलं.

झालं असं. दिंडोरीकडच्या आमच्या गावात डॉक्टरांनी त्यांच्या दुखऱ्या हाडांसाठी ड जीवनसत्त्वाची पुडी दिली होती. आठवड्याला एकच घ्यायची. सासूबाईंना नीट लक्षात राहावं म्हणून ते म्हणाले, "बाजाराच्या दिवशी एक पुडी दुधातून घ्या." गावचा बाजार मंगळवारी, त्यामुळे सगळं बिनचूक चाललं होतं. मग त्या आमच्याकडे शहरात, पंचवटीत राहायला आल्या, आणि इथे बाजार रोज! सासूबाईंनी रोज भाजीला जायचं, रोज एक पुडी दुधातून घ्यायची, आणि संपत आल्या की मेडिकलवाल्याला रिकामं पाकीट दाखवून नव्या आणायच्या. इतकी शिस्त मला शाळेतसुद्धा नव्हती.

महिनाभरात त्यांची भूक मेली. सारखी तहान, सारखी मळमळ. मी त्यांना गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्तात कॅल्शियम वाढलेलं निघालं.

"रोज पुडी? हे जीवनसत्त्व अंगात साठत जातं, आजी. जास्त घेतलं म्हणून हाडं जास्त पक्की होत नाहीत," बाई म्हणाल्या. पुड्या बंद, पाणी भरपूर, पुन्हा तपासणी. थोडक्यात निभावलं.

पण माझा नवरा शेखर घरी येताच म्हणाला, "आजपासून आईचा बाजार बंद. भाजी मी आणीन." मला असा संताप आला! या माणसाला मेथी आणि शेपू यांतला फरक कळत नाही. सासूबाईंनी मात्र भाजीची पिशवी खुंटीला अडकवली. दिवसभर खिडकीशी बसू लागल्या.

पुढच्या तपासणीला शेखरही आला. कॅल्शियम उतरलं होतं. "यापुढे पुडी लागलीच तर रक्त बघून मी सांगेन, आणि तारीख घालून देईन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चालणं होतं ना रोज?"

"कुठलं? ह्यो बाजारात जाऊ देत नाय."

"बाजारामुळेच तर झालं सगळं," शेखर म्हणाला.

"पुडीमुळे झालं," बाई हसल्या. "चालणं थांबलं तर हाडं आणखी कुरकुरतील."

सासूबाईंनी कनवटीच्या उरलेल्या पुड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि लेकाकडे वळून म्हणाल्या, "ह्या घे बाबा, ठेव तुज्याकडं. माजे पाय तेवढे माज्याकडं राहू दे."