फोनच्या पोटातलं बोलणं

“ही तर गाणीच हायेत की, पाशाभाई! आमच्या ह्यांचं बोलणं कुठं गेलं?”

नागाबाईनं फोन मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाच्या काउंटरवरून चांदपाशाकडं सरकवला. फोन आता कसा झकास चालत होता, तक्रार त्याची नव्हतीच. चांदपाशानं पडद्यावर बोट फिरवलं. परत घातलेल्या चीपमध्ये, म्हणजे मेमरी कार्डात, गवळणी होत्या, कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ होता. बाकी काही नाही.

सकाळीच ती हा फोन साफ करायला टाकून गेली होती. हदगावकडची ही बाई लेक अयोध्याच्या डॉक्टरकीच्या क्लासपायी लातूरला येऊन एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. मायलेकींत फोन एकच. क्लासच्या व्हिडिओंनी त्यात एवढी गर्दी केली, की ‘मेमरी फुल्ल’ म्हणून तो उघडेनासाच झाला आणि अयोध्याचा सराव पेपर अर्ध्यावर अडकला.

“पार कोरा करा,” नागाबाई म्हणाली होती.

“आत काही ठेवायचं हाय का?” चांदपाशानं सवयीनं विचारलं.

“न्हाई. समदं चीपमधी हाय, आन् चीप म्या काढून घेतली.” तिनं पदराची गाठ दाखवली. केवढी हुशारी वाटली होती तिला स्वतःची!

आणि चांदपाशा? जून महिना, दुकानासमोर क्लासवाल्या पोरांच्या आईबापांची झुंबड, उभं राहून राहून पायाचे तुकडे पडलेले. त्यानं बटण दाबलं आणि पुढचा फोन हातात घेतला. एकदा उघडून बघायला काय झालं होतं मेल्याला? पण नाही बघितलं.

नागाबाईचा नवरा भुजंग शेतावरच राहायचा. लिहिता येत नव्हतं, म्हणून रोज व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचा. म्हशीनं लाथ मारली, सोयाबीन उगवलं, पोरीला म्हणावं जरा झोप घे. चैतात ट्रकनं उडवलं त्याला. त्याचा फोनही रस्त्यावर चुरा झाला. राहिलं होतं ते हे बोलणं. दुपारी भांडी आटोपली की ती फोन कानाला लावून पडायची.

आता हिला सांगायचं कसं? फोनला दोन कप्पे असतात. गाणी, फोटो चीपमध्ये ठेवता येतात, पण व्हॉट्सॲपवरचं बोलणं फोनच्या स्वतःच्या पोटातच राहतं. तिथं ते कुलूपबंद असतं, आणि फोन कोरा केला की तो ती किल्लीच जाळून टाकतो. मग कुणाचा बाप आला तरी कुलूप उघडत नाही. गूगलकडं एक प्रत ठेवायची सोय असते, ती या फोनात कुणी कधी चालूच केली नव्हती.

एवढा एकच शब्द सांगायचा होता. गेलं. पण किल्लारीच्या भूकंपात बहीण दगडांखाली गेली, तेव्हा अम्मीला हाच शब्द सांगायचं काम कोवळ्या वयात चांदपाशाच्या गळ्यात पडलं होतं. तेव्हापासून तो शब्द त्याच्या तोंडातून निघता निघत नसे.

“चीप ठेवून जा, ताई,” तो म्हणाला. “बघतो मी.”

झालं! ओढवून घेतलं स्वतःच्याच हातानं. रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असायची. दर रविवारी नागाबाई यायची, बाकड्यावर बसायची.

“सापडलं का, भाई?”

“बघून राहिलो, ताई.”

ती मान हलवायची, घटकाभर बसून निघून जायची. तिच्या पाठमोऱ्या लुगड्याकडं बघताना चांदपाशाला स्वतःची लाज वाटायची. घरी बेगमबी, त्याची बायको, कडाडायची, “कित्ते दिन झुलाते बैठते जी उस बाई को?” चांदपाशा ताटावरून उठायचा. जेवण गोड लागेना आणि बोलायची हिंमत होईना.

दसऱ्याच्या सुमारास मात्र तो थकला. नागाबाई येऊन बसली तेव्हा तिनं काही विचारायच्या आधीच त्यानं तोंड उघडलं.

“ताई, ते बोलणं गेलं. त्याच दिवशी गेलं. चीपमधी ते कधी नव्हतंच. मी बघायला पाहिजे होतं, नाही बघितलं. आणि तुमच्याशी खोटं बोलत राहिलो.”

नागाबाई रागावली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं.

“ठावं हाय मला. अयोध्यानं दुसऱ्याच दिशी समजावून सांगितलं. लई रडली पोरगी, माझ्या पेपरापायी झालं म्हनून.”

चांदपाशानं हातातला पेचकस खाली ठेवला. “मग इतके दिवस येत कशापायी होता?”

“घरी समदे म्हन्तेत, इसर आता, पोरीकडं बघ. इथं आलं की तुमी म्हनायचे, बघून राहिलो. कुनीतरी ह्यांना हुडकून राहिलंय असं वाटायचं, भाई. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.”

नागाबाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. आता यायचं काही कारणच उरलं नव्हतं. तेवढ्यात एक बाप पोराचा फोन पुढं करून घाई करायला लागला. चांदपाशानं त्याला हातानंच थांबवलं.

“बसा, ताई,” तो म्हणाला, आणि टेबलावरचा पंखा त्यानं तिच्याकडं वळवला.