सहाशे चाळीस किलोमीटर

"पिस्टन नवा बसवलाय ना, वहिनी? मग सहाशे चाळीस किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर न्यायची नसते गाडी," वन्सं म्हणाल्या आणि चहात बिस्किट बुडवून ते मऊ होण्याची वाट पाहत बसल्या.

बाईंचा कप ओठांपाशीच थांबला. वन्सं म्हणजे त्यांच्या नवऱ्याची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहणारी आणि एकही दुपार न चुकवणारी. मोटारसायकल या विषयावरचे त्यांचे आजवरचे समग्र चिंतन 'पडाल, आणि वर लोक हसतील' एवढ्या एका वाक्यात मावत असे. पिस्टन गाडीच्या पुढे असतो की मागे, हे त्यांना पैजेवर विचारले असते तरी सांगता आले नसते.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं, वन्सं?"

"इश्श, सांगायला कशाला हवं? सगळ्यांनाच माहीत असतं ते."

सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टींवर बाईंचा जन्मभर राग होता. चौतीस वर्षे त्यांनी विद्यापीठात जुन्या हस्तलिखितांची पाठचिकित्सा शिकवली होती. एकाच ग्रंथाच्या वीस-पंचवीस नकला समोर मांडायच्या आणि कुणी कुणावरून उतरवून घेतले ते शोधायचे, असे ते काम. त्यात नकला उतरवणाऱ्यांचे शहाणपण उपयोगी पडत नाही. त्यांच्या चुका पडतात. बरोबर मजकूर दोघांना आपापला सुचू शकतो. पण एकच चमत्कारिक चूक दोन नकलांत आढळली, की त्यांची आई एक.

सहाशे चाळीस ही तशी चूक होती, आणि बाई ती तिसऱ्यांदा ऐकत होत्या. पहिल्यांदा मिस्त्रीच्या तोंडून, गाडी ताब्यात घेताना. दुसऱ्यांदा परगावच्या मुलाकडून, फोनवर: "आई, सहाशे चाळीस हं, लक्षात ठेव." तेव्हा त्यांनी ते कानाआड केले होते. आता तेच वाक्य वन्संच्या बिस्किटातून वर आले होते. गॅरेजात पाचशे असते, हजार असते. सहाशे चाळीस कोणत्याही मिस्त्रीच्या तोंडून आपसूक बाहेर पडत नाही. आणि मिस्त्री आजवर मुलाला किंवा वन्संना भेटलेलाही नव्हता.

वन्संनी विचारले, "एवढं काय बघताय माझ्याकडे? तोंडाला काही लागलंय का?"

"लागलंय," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचं तरी."

गाडी बाईंची स्वतःची होती. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी ती घेतली आणि अकरा वर्षे तिच्यावरून विद्यापीठात गेल्या. मग त्या विभागप्रमुख झाल्या, आणि कुलगुरूंनी अत्यंत सुसंस्कृत शब्दांत सुचवले, की त्या खुर्चीची एक प्रतिष्ठा असते. त्याच खुर्चीत आधी बसलेले गृहस्थ शिष्यांचे प्रबंध स्वतःच्या नावाने छापत; त्याने प्रतिष्ठेवर ओरखडाही उठला नव्हता. मोटारसायकलने मात्र तिचे तुकडे होणार होते. बाईंनी गाडीवर ताडपत्री घातली. ती तेवीस वर्षे निघाली नाही, आणि त्याबद्दल बाईंनी कुलगुरूंना एकवेळ माफ केले, स्वतःला केले नाही.

बासष्टाव्या वर्षी, निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात, त्यांनी ताडपत्री ओढून काढली. घरात वादळ उठेल या हिशेबाने त्यांनी उत्तरे तयार ठेवली होती. ती वायाच गेली. वन्संनी आपले वाक्य म्हटले, तेवढेच. नवरा तर म्हणाला, "घे की! हेल्मेट मी आणतो." तो विमा कंपनीचा निवृत्त सर्व्हेअर होता. चेपलेल्या गाड्या तपासून कोण कुणावर किती वेगाने आदळले याचे अहवाल त्याने एकोणतीस वर्षे लिहिले होते आणि गॅरेजवाले त्याला अजून 'साहेब' म्हणत. त्यानेच मिस्त्री शोधला, तीन दिवस त्याच्यापाशी उभे राहून काम करून घेतले, गाडी पुसून लख्ख करून दारात आणली. इतका खुला पाठिंबा बाईंनी एखाद्या सहकाऱ्याकडून पाहिला असता, तर त्या रात्री कपाटाला कुलूप लावून झोपल्या असत्या. पण नवऱ्याच्या बाबतीत त्या वाचक होत्या, चिकित्सक नव्हत्या.

पहिल्याच दिवशी, पाण्याच्या टाकीमागच्या सरळ रस्त्यावर, हँडलची वेगाची मूठ अर्ध्यावर जड झाली. कशाला अडून थांबली नाही. आत कुणीतरी दमून 'आता पुरे' म्हणावे, तशी रुसली. बाईंनी जोर केला तेव्हा मनगट दुखले. घरी येऊन सांगितले, तर नवऱ्याने स्वतः मूठ जराशी फिरवून पाहिली. "फिरतेय की गं. तुझं मनगट आखडलंय. चौतीस वर्षं खडू धरलास, त्याचा हा प्रसाद."

त्याच संध्याकाळी तो मलमाची बाटली घेऊन शेजारी बसला. "सतरा मिनिटं चोळायचं. त्याशिवाय आत मुरत नाही."

पाच आठवडे बाईंनी मलम चोळून घेतले, रबरी चेंडू दाबला, गरम पाण्यात हात बुडवून भिंतीकडे पाहत बसल्या. मूठ काही वळेना. एकदा चढावर दोन मुले, बायको आणि गॅसची टाकी घेऊन चाललेली एक स्कूटर त्यांना मागे टाकून गेली. टाकी धरून बसलेल्या मुलाने त्यांना टाटा केला. त्या दिवशी बाईंनी न्हाणीघरात नळ मोठा सोडला आणि मनसोक्त रडून घेतले. डोके शाबूत आहे, हे त्यांना माहीत होते. शरीर आपल्याला न विचारता म्हातारे झाले, ही बातमी त्यांना मनगटाने दिली होती. जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरशी त्यांचे बोलणे झाले; तो शनिवारी अकरा वाजता गाडी न्यायला येणार होता. हे नवऱ्याला सांगितले तेव्हा चोळणारा हात क्षणभर थांबला. त्याने भिंतीकडे पाहिले. "तुला वाटेल तसं," तो म्हणाला, आणि हात पुन्हा चालू लागला.

वन्संनी सहाशे चाळीसचा उच्चार केला तो गुरुवार होता.

बाईंना पहिला संशय अर्थातच वन्संचा आला. पण उघड विरोधकाला कारस्थानाची गरज नसते. वन्संना गाडी बंद पाडायची असती, तर त्यांनी चाकापुढे खुर्ची टाकून वाती वळल्या असत्या. मग मिस्त्री उरला. शुक्रवारी सकाळी बाई गाडी घेऊन गॅरेजात गेल्या.

"या बाई! काय, गाडी त्रास देतेय का?"

"गाडी नाही. पिस्टन. कुठल्या मापाचा बसवलात?"

मिस्त्रीने चिंधीला हात पुसले. मग पुसलेले हात पुन्हा पुसले. "माप म्हणजे... बसेल त्याच मापाचा, बाई."

"आणि जुना?"

"भंगारात गेला."

"असं? मग इंजिन उघडताना हे वरचे चार नट कसे काढलेत? फुंकर मारून?"

मिस्त्री वाकला. चारही नटांवर तेवीस वर्षांचा गंज होता आणि गंजावर जुन्या रंगाचा पापुद्रा अखंड होता. त्यांना पाना लागलाच नव्हता. मिस्त्रीने तिथे असे काही निरखून पाहिले, की जणू नटांनीच त्याचा विश्वासघात केला असावा.

"बाई, मला मध्ये घेऊ नका. तुमच्या घरातलं तुम्ही बघून घ्या."

"घरातलं? मी घराचं नाव कुठे काढलं?"

"चहा मागवू का?" मिस्त्री म्हणाला.

चाळीसच्या वेगाने घरी परतताना बाईंना विचार करायला भरपूर वेळ मिळाला. पिस्टन खोटा होता. म्हणजे तो सांगणारे वाक्य कुणीतरी रचले होते. त्या वाक्याच्या तीन नकला हाती होत्या. जो माणूस तीन दिवस गॅरेजात उभा होता, ज्याच्या तोंडी ते सर्वांत आधी यायला हवे होते, त्याने मात्र ते पाच आठवड्यांत एकदाही उच्चारले नव्हते. नकला करणारे बडबडतात. मूळ प्रत गप्प असते.

मग आकडा आपोआप उलगडला, आणि बाईंना नवऱ्याहून अधिक स्वतःचा संताप आला. अपघाताविषयी खोटे बोलणारा माणूस नेहमी 'पन्नासचा वेग होता, साहेब' असे सांगतो, ही नवऱ्याची धंद्यातली शिकवण होती. गोल आकडा म्हणजे थाप. म्हणून तो स्वतः कधी गोल बोलत नसे. त्याच्या घरात चहा चार वाजून सात मिनिटांनी होई, आणि मलम सतरा मिनिटे मुरे. थाप रचतानाही त्याने तिला प्रामाणिकपणाचा पोशाख चढवला होता. सदतीस वर्षे हे आकडे ऐकणाऱ्या विदुषीला सहाशे चाळीसवरचे हस्ताक्षर ओळखता आले नव्हते.

नवरा चार वाजून बारा मिनिटांनी फिरायला गेला. बाईंनी कार्ब्युरेटरच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले. मूठ फिरवली की तार ओढली जाते, तार आतली पट्टी वर उचलते आणि पेट्रोलला वाट मिळते, एवढे त्यांना अठ्ठाविसाव्या वर्षापासून ठाऊक होते. तारेभोवती, स्प्रिंगच्या पोटात, काळ्या रबरी नळीचा एक तुकडा घातलेला होता. पट्टी अर्ध्यावर आली की त्याला टेकत होती. बाईंनी तो मोजपट्टीवर मोजला: एकोणीस मिलिमीटर. दोन्ही टोके धारदार पात्याने सरळ कापलेली. धातूचा तुकडा असता तर मूठ ठक्कन थांबली असती आणि बाईंनी पहिल्याच दिवशी चोर पकडला असता. रबर दबते, हळूहळू जड होते. अगदी दमलेल्या मनगटासारखे. ही निवड अडाण्याची नव्हती.

तुकडा न घालता त्यांनी झाकण बसवले आणि मूठ फिरवली. ती शेवटपर्यंत फिरली. मनगट दुखले नाही.

भीती त्या समजू शकत होत्या. एकोणतीस वर्षे जो माणूस चेंदामेंदा झालेल्या गाड्यांचे फोटो पाहतो, तो बायकोच्या गाडीत एक रबर घालेल. मूर्खपणा आहे, पण माणसाचा. पण मलमाच्या बाटलीचे काय करायचे? सतरा मिनिटे, पस्तीस संध्याकाळी. बाईंनी गुणाकार केला. नऊ तास पंचावन्न मिनिटे त्याने त्यांचा निरोगी हात हातात घेऊन तो आजारी असल्याचे त्यांना पटवले होते.

संध्याकाळी तो बाटली घेऊन आला. बाईंनी हात पुढे केला. त्यांनी त्याला सतराच्या सतरा मिनिटे चोळू दिले. मग डावी मूठ उघडून नळीचा तुकडा त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"तुमची एक वस्तू माझ्याकडे राहिली होती."

त्याने पाहिले, उचलला नाही. "कधी काढलास?"

"हे काय आहे, असं नाही विचारलंत."

त्याने मलमाची बोटे पुसली. मग म्हणाला, "साठीपुढचे बहात्तर जण पाहिले मी. दुचाकीवाले. त्यातले एकोणसाठ..."

"मग हे तोंडानं सांगायचं होतंत."

"तू ऐकलं नसतंस."

"भांडले असते. ती वेगळी गोष्ट. तुम्ही मला भांडूसुद्धा दिलं नाहीत. मिस्त्रीला सांगितलंत, पोराला सांगितलंत, वन्संना पढवलंत, आणि मला काय सांगितलंत? हात गेला म्हणून. माझा हात. तोही हातात धरून."

"मला फक्त वेग कमी ठेवायचा होता गं. विकायचं तू ठरवलंस."

"आणि तुम्ही भिंतीकडे बघितलंत."

त्याने बाटलीचे झाकण लावायला घेतले. ते तिसऱ्या खेपेला बसले.

शनिवारी सकाळी बाईंनी दातांच्या डॉक्टरला फोन करून गाडी विकायची नसल्याचे सांगितले. तो हळहळला, का, म्हणून विचारू लागला. "निदान चुकलं होतं," बाई म्हणाल्या. धंद्यातला माणूस, त्याने पुढे विचारले नाही.

त्या गाडी बाहेर काढत होत्या तेव्हा वन्सं फाटकातून आत आल्या. हेल्मेट पाहताच म्हणाल्या, "पडाल, वहिनी. आणि वर लोक हसतील."

"वन्सं, या घरात माझ्याशी खरं बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच," बाई म्हणाल्या. त्यात उपरोध नव्हता. वन्सं मात्र दिवसभर तो शोधत राहिल्या.

नवरा फाटक धरून उभा होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा.

"कुठे जाणार?"

"टेकडीच्या रस्त्यानं वर."

"परत किती वाजता?"

सदतीस वर्षे बाईंनी त्याला मिनिटांत उत्तरे दिली होती. पाच वाजून तेरा, सहाला आठ कमी. त्याला त्याशिवाय चैन पडत नाही म्हणून, प्रेमाने. त्यांनी हेल्मेटचा पट्टा अडकवला.

"पाच."

"पाच म्हणजे?"

"पाच."

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मूठ पिळली आणि इंजिनाचा आवाज पाच आठवडे जिथे अडत होता ती जागा ओलांडून वर गेला. आरशात फाटक लहान होत गेले. त्यात उभा असलेला माणूस घड्याळाकडे पाहत होता. हाती दिलेल्या गोल आकड्याचे काय करायचे, ते त्याला कळत नव्हते.