दुपट्यातला अडकित्ता

भूमिकाचं डोकं सासूवर फिरलं होतं, आणि ते उगीच नव्हतं. लेक अपुऱ्या दिवसांची, मुठीएवढी. पेणच्या डॉक्टरांनी बजावलेलं, दर आठवड्याला वजन करा, वाढलं नाही तर तडक घेऊन या. आणि सासूबाईंचं, गिरजाबाईंचं, एकच पालुपद: "लेकराला तोलू नये गो, दृष्ट लागते. पोर काय वाल हाय?"

नवरा हरेश नागोठण्याच्या कंपनीत मीटर दुरुस्तीला. त्याने मुंबईहून आकडे दाखवणारा स्वस्तातला काटा आणला, पण त्याच्या इवल्या ताटलीवर पोर ठरेना. मग त्याने काटाच खोलला. प्लास्टिकचं खोकं फेकून दिलं, ज्या पट्टीवर भार पडतो ती आढ्याला पक्की केली, तिला झोळी टांगली आणि वायरी लांबवून आकड्यांची पाटी भिंतीवर लावली. अख्ख्या गडब गावात असली झोळी नव्हती. पहिल्या वजनाला गिरजाबाई तोंड फिरवून परसात निघून गेल्या.

दुसऱ्या खेपेला मात्र त्यांनीच नातीला दुपट्यात गुंडाळून झोळीत ठेवलं. वजन चांगलं पाव किलो वाढलेलं! आली बाई ताळ्यावर, असं वाटून भूमिकाने साखर वाटली आणि पेणची खेप पुढे ढकलली. त्या आठवड्यात पोर फारशी रडलीही नाही. शहाणी झाली, म्हणाले सगळे.

तिसऱ्या खेपेला दुपट्यातून काहीतरी सटकलं आणि खणकन जमिनीवर आदळलं. लोखंडी अडकित्ता. भिंतीवरचा आकडा झरकन उतरला, पहिल्या वजनाच्याही खाली.

भूमिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. दृष्टीसाठी बाळाच्या उशाशी लोखंड ठेवतात, हे तिलाही ठाऊक होतं. उशाशी! "मागच्या वेळीपण घातला होतात?"

"व्हय," गिरजाबाई पुटपुटल्या. "उघडी कशी तोलायची तिला?"

"पोर वाळत होती आणि मी साखर वाटली! तुमच्या लोखंडापायी!" ती किंचाळली. हरेश मध्ये पडला, तर त्यालाही तिने फाडून खाल्लं. राग आवरेना, आणि पोर तेवढ्या आरडाओरड्यातही डोळे उघडेना.

गिरजाबाईंनी नातीला उचलून छातीशी धरलं आणि अनवाणीच हायवेकडे धावल्या.

"रागव गो, पायजे तेवढी रागव," त्या मागे न बघता ओरडल्या. "पन वाटंत रागव. आधी गाडीला हात कर!"