फ्रीजमधला मार्च

सिंगापूरला येऊन दोन वर्षं झाली, तरी मधुवंतीचं मन रमेना. त्याआधी इंग्लंडात, लीड्सला तिच्या खिडकीबाहेर, झाडांच्या गार सावलीत, दर मार्चला सेलँडाइन नावाचं रानफूल फुलायचं. जमिनीलगत पानं, त्यांवर चकचकीत पिवळी फुलं, मध्ये बोटभर माती दिसेल तर शपथ! इथे बारा महिने नुसतं हिरवं. "मला एक मार्च हवाय," ती म्हणाली आणि तिने एक एप्रिलचं माहेरचं, पुण्याचं तिकीट काढलं. फक्त जायचं. तिच्या नवऱ्याने, शैलेंद्रने, परतीची तारीख सापडते का म्हणून ते तीनदा वाचलं.

पण तो पडला आयटीतला प्रोजेक्ट मॅनेजर. ऋतू म्हणजे त्याच्या लेखी कुणीतरी करायचं राहून गेलेलं काम. पुंगोलच्या त्यांच्या ब्लॉकखालच्या बागेत कुणालाच नको असलेला सावलीतला वाफा त्याने मिळवला, रीतसर परवाना काढून इंग्लंडहून कंद मागवले आणि एक्सेलमध्ये लिहिलं : हिवाळा, दहा आठवडे, जबाबदारी शैलेंद्र. कंद फ्रीजमध्ये ठेवले. दहा आठवड्यांनी हिवाळा पूर्ण झाल्याची ईमेल त्याने स्वतःलाच पाठवली आणि निम्मे कंद वाफ्यात लावले. चार दिवसांत त्यांचा लगदा झाला.

मग उरलेल्या कंदांसाठी त्याने वसंतच घरात आणला. फ्रीजचे कप्पे काढून तळाशी माती भरली, दार लावलं तरी दिवा जळावा म्हणून दारापाशचं बटण दबू नये अशी पाचर मारली. दूध-दही बाहेर नासलं. दोघं हॉकर सेंटरमध्ये जेवू लागली. मधुवंती बॅग भरत होती.

तीस मार्चला तिने पाण्यासाठी सवयीने फ्रीज उघडला आणि उभीच राहिली. तळ पिवळाधमक झाला होता.

बातमी ब्लॉकभर झाली. चपला काढून शेजारी रांगेने येऊ लागले. संध्याकाळी बाग समितीचे अध्यक्ष मिस्टर क्वेक मोजपट्टी घेऊन हजर. त्यांनी सावली तपासली, माती दिसत नाही याची खात्री केली आणि अतिशय गंभीरपणे मान हलवली.

"व्हेरी गुड. बट वन फॅमिली, वन प्लॉट, लाह," ते सिंगापुरी हेल काढून म्हणाले.

खालचा वाफा रद्द झाला. फ्रीजवर त्याची सतरा नंबरची पाटी लागली. दार मधुवंतीने उघडलं होतं, म्हणून प्लॉटच्या कागदावर मालक म्हणून नावही तिचंच लागलं. जाताना मिस्टर क्वेकनी नियम वाचून दाखवला : मालक दोन आठवडे गैरहजर राहिला, तर प्लॉट जप्त.

मधुवंतीने कागद दोनदा वाचला. मग एअरलाइनला फोन लावला.

"हो, कॅन्सलच करा," ती ठणकावून म्हणाली. "नाही जमणार. माझी इथे जमीन आहे."

शैलेंद्रला चक्क रडू फुटलं. डोळे पुसून तो फुलं बघायला पुढे झाला, तशी तिने त्याला हाताने मागे सारलं. आधी परवानगी घ्यायची, म्हणाली.