खटॅक झाल्यावर

मुखरूच्या कॅमेऱ्यानं सिंदेवाही तालुक्यातली निदान सातशे लग्नं पाहिली असतील. रुसलेले नवरदेव, भांडलेले व्याही, मांडवात शिरलेली म्हैस, सगळं त्यानं बरोबर टिपलं. हरवलं त्याला फक्त एका माणसानं. पोचूभाऊ. वय बहात्तर, अंगानं दणकट, पांढऱ्या झुपकेदार मिशा, आणि फोटोत डोळे मिटलेले. एखाद्या वेळी मिटले तर समजू शकतो हो, पण हा माणूस बावीस वर्षं, दर फोटोत, न चुकता डोळे मिटत आला होता.

पोराच्या लग्नात मिटलेले. नात स्वातीच्या बारशाला मिटलेले. खाणीतून रिटायर झाल्यावर गावानं सत्कार केला, त्यात गळ्यात झेंडूचा हार आणि डोळे मिटलेले. तो फोटो त्यांच्या बायकोनं, कलाबाईनं, भिंतीवर लावूच दिला नाही. "येणारा माणूस पहिले हात जोडते आन मले विचारते, कव्वा गेले म्हणून," ती म्हणाली होती, "आन हे मांगच्या खोलीत बसून भात खाऊन राह्यले असतात."

उघड्या डोळ्यांचा म्हणून एकच फोटो होता, आधार कार्डावरचा. पण त्यात पोचूभाऊ असे दिसत की कुणाची कोंबडी चोरताना सापडलेत. तो काय भिंतीवर लावणार?

आता स्वातीचं लग्न निघालं होतं. चामोर्शीचं स्थळ. पोरीनं आजीजवळ एकच हट्ट धरला, सासरी जाताना मला तुम्हा दोघांचा फोटो पाहिजे, आजोबांचे डोळे उघडे असलेला. लग्नाची ऑर्डर द्यायला आलेल्या कलाबाईनं मुखरूला दुकानातच सांगून टाकलं, "बिदाई चार वाजता हाये. त्याच्या आधी फोटो झाला पाह्यजे. नाई झाला तं तुले पंगतीत वाढीन, पण तुह्या तोंडाकडं पाहाणार नाई."

मुखरू हसला, पण ते त्याला लागलं. कारण यंदा दुकानात दुसराही एक कॅमेरा आला होता.

तो कॅमेरा उर्वशीचा. उर्वशी म्हणजे मुखरूच्या धाकट्या भावाची मुलगी. नागपूरला एका स्टुडिओत दोन वर्षं काम करून परत आली ती बिनआरशाचा नवा कोरा कॅमेरा गळ्यात घालूनच. इवलासा, हलका, शेजारी ठेवला तर मुखरूचा जुना कॅमेरा वरवंट्यासारखा दिसायचा. मुखरूच्या कॅमेऱ्याचं रबर कधीच निघालं होतं, तिथं त्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. फोटो काढताना आतला आरसा वर उडायचा आणि 'खटॅक' असा आवाज व्हायचा की दारातलं कुत्रं मान वर करायचं.

लग्नाच्या दिवशी मोटरसायकलवरून गावाकडे जाताना दोघांची जुंपली.

"काका, याच्यात आरसाच नाई. म्हणून वजन नाई, आवाज नाई. आन माणसाचे डोळे हा सोता शोधते."

"डोळे कॅमेरानं शोधाचे, तं फोटोग्राफरनं काय मठ्ठा घुसळाचा?"

"फोटो कसा येईन तेही आधीच दिसते. तुमच्यात काढल्यावर समजते."

"लग्नासारखंच हाये मंग माह्यावालं," मुखरू म्हणाला. "आन तुह्या कॅमेऱ्याले दिवसाले चार बॅटऱ्या लागतात. माह्या एका बॅटरीत हळद, लग्न, बिदाई, सारं निपटते. जुनं ते सोनं, पोरी."

बोलायला तो असं ठणकावून बोलला. पण चार दिवसांपूर्वी उर्वशी चहा आणायला गेली तेव्हा त्यानं गुपचूप तिचा कॅमेरा डोळ्याला लावला होता. समोरचं अंधारं कपाट त्यात लख्ख दिसलं, वरच्या खणातल्या चिठ्ठ्यांवरची अक्षरंसुद्धा. मुखरूनं कॅमेरा जागच्या जागी ठेवला आणि त्याला उगाच रडू आल्यासारखं झालं. त्यानं मनाशी ठरवून टाकलं, पोचूभाऊंचे उघडे डोळे या पोरीच्या कॅमेऱ्यानं टिपले तर आपला कॅमेरा पेटीत. मग उगाच मिरवायचं नाही.

मांडवात पोचले तर ऊन तापलेलं. वर जांभळाच्या डहाळ्या, खाली माणसांची गर्दी. पहिला घोळ तिथंच झाला. वरपक्षाच्या दहा बाया ओळीनं उभ्या राहिल्या, पदर सारखे केले, श्वास रोखला. उर्वशीनं कॅमेरा डोळ्याला लावला. एक मिनिट गेलं. बायांच्या कपाळावरून घाम निथळायला लागला.

"काढ ना वं बाई," त्यातली जाडजूड गुणाबाई ओठ न हलवता म्हणाली. ती नवरदेवाची आत्या, म्हणजे बोलायचा हक्क तिचाच.

"काढले ना. चौदा काढले."

"कव्वा? आवाज तं आलाच नाई."

उर्वशीनं मागच्या पडद्यावर फोटो दाखवले. गुणाबाईनं ते पाहिले, पण तिचं समाधान होईना. आवाज नाही म्हणजे फोटो नाही, हा साधा हिशोब. "भाऊ," तिनं मुखरूला हाक मारली, "तुमचावाला आणा. ह्या पोरीचा मुका हाये."

मुखरूनं पुढं होऊन एकदाच खटॅक केलं. दहाही बाया 'हुश्श' करून मोकळ्या झाल्या आणि जेवायला निघून गेल्या. मुखरूची कॉलर ताठ झाली. उर्वशीचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

ही ऐट काही टिकली नाही. लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि अडीच वाजता कलाबाई हिरवं लुगडं सावरत, नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. अंगणात दोन खुर्च्या मांडल्या. मुखरूनं सगळी विद्या पणाला लावली. एक-दोन-तीन म्हणून तीनला काढला, डोळे मिटले. दोनलाच काढला, मिटले. फ्लॅश बंद करून काढला, मिटले. पोचूभाऊंना तिकडं बघायला लावून इकडून काढला, तरी मिटले. आठ फोटो, आठही मिटलेले.

"मी मिटत नाई गा," पोचूभाऊ अगदी कळवळून म्हणाले. "मले वाटते उघडेच हायेत."

"उर्वशी," मुखरूनं कॅमेरा खाली घेतला. हे म्हणताना त्याला किती जड गेलं ते त्यालाच ठाऊक. "तू काढ."

उर्वशीचा कॅमेरा मुकाच. तिनं वीस फोटो काढले, वीसही उघड्या डोळ्यांचे. मुखरूनं पडद्यात डोकावून पाहिलं. डोळे उघडे होते खरे, पण कसे? पोचूभाऊ आवाजाची वाट बघत होते. श्वास कोंडलेला, मान ताठ, बुबुळं बाहेर. वीसही फोटोंत तोच आधार कार्डावरचा कोंबडीचोर.

उर्वशीनं कॅमेऱ्यातला बनावट आवाज सुरू केला. 'टिक' असा वाजला. पोचूभाऊंनी त्याला भीकच घातली नाही, तसेच ताठ बसून राहिले.

कलाबाईनं फोटो पाहिला आणि पदर तोंडाला लावला. हसतेय की रडतेय ते मुखरूला कळेना. "हा माहा नवरा नाई," ती म्हणाली. "पन्नास वर्सं झाली, घरात हे असे कव्वाच दिसले नाई. मी पोरीसंग कोणाले पाठवू?" आणि ती उठून आत गेली, स्वातीची पेटी भरायला.

साडेतीन होत आले होते. मुखरू मोकळ्या झालेल्या खुर्चीवर मटकन बसला. दोन कॅमेरे, एक म्हातारा, आणि फोटो नाही. त्याला स्वतःचाच राग आला. बावीस वर्षं आपण या माणसाला 'डोळे उघडे ठेवा' एवढंच सांगत आलो. का मिटता, हे एकदाही विचारलं नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "आवाज झाला का तुमाले काय वाटते?"

पोचूभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "वाटाचं काय त्यात. खाणीतला आवाज हाये थो."

"कोणता?"

"कोळशाच्या खाणीत मी सुरुंगाचे बार उडवत होतो नं. एकतीस वर्सं. भोकात दारू भरली, सारे माणसं आडोश्याले गेले, का मी मशिनची मूठ फिरवाचो. मूठ फिरली का मशिनीतून असाच आवाज ये. खटॅक. त्याच्या मांगून धमाका, आन धूळ. मंग डोळे मिटाच लागतात, बावा. नाई मिटले तं गेले."

उर्वशी ऐकत जवळ येऊन उभी राहिली होती. मुखरूच्या कॅमेऱ्यातला तो फटकन उडणारा आरसा आणि खाणीतली ती मूठ, म्हाताऱ्याच्या कानाला दोन्ही एकच. म्हणजे बावीस वर्षं मुखरू फोटो काढत नव्हता, बार उडवत होता.

"मंग डोळे उघडता कव्वा?" त्यानं विचारलं.

"धूळ बसली का. आन उघडले का पहिले माणसं मोजाची. आडोश्याले अठरा गेले तं अठरा दिसले पाह्यजे. अठरा दिसले," पोचूभाऊ थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, "का मंग बरं वाटे. लय बरं वाटे. थे तुले कसं सांगू."

मुखरू खुर्चीवरून असा उठला की खुर्ची मागे पडली.

"उर्वशी, तू इथी उभी राह्य. मी खटॅक करतो. तू माह्या आवाजासंग काढू नोको, आवाज झाल्यावर काढ. काढतच राह्य. आन काकी," त्यानं घरात तोंड घालून हाक मारली, "शेवटचं एकडाव या. यावेळी नाई झाला तं मी पंगतीतूनही उठतो."

कलाबाई आली, पण कुरकुरत. खुर्चीवर बसली, नवऱ्याकडे न बघता. दारात स्वाती येऊन उभी राहिली, हातात हिरवा चुडा, डोळे आधीच भरलेले. मांडवातली माणसं गोळा झाली. गुणाबाई पान चघळत सगळ्यांच्या पुढं.

मुखरूनं आपला वरवंटा डोळ्याला लावला आणि बोट दाबलं.

खटॅक.

पोचूभाऊंचे डोळे मिटले. सवयीनं मुखरूची मान खाली, पडद्याकडे वळायला लागली, आणि त्यानं ती जोर लावून वर ठेवली. एक क्षण गेला. दोन गेले. मग पोचूभाऊंनी डोळे उघडले. हळू, धूळ बसल्यासारखे. आणि समोर नाही पाहिलं त्यांनी, कॅमेऱ्याकडे तर नाहीच. पहिलं उजवीकडे वळून कलाबाईकडे पाहिलं. ती आहे, जागेवर आहे, हे पाहून त्या दांडग्या माणसाचा सगळा चेहरा मिशांसकट हसला. कलाबाईला ते जाणवलं असावं, तिनं मान वळवली, आणि लग्नातल्या पोरीसारखी लाजली. मग पोचूभाऊंची नजर दारातल्या स्वातीवर गेली, मग मांडवभर फिरली, ओठ पुटपुटत होते. मोजत होते ते.

उर्वशीचा मुका कॅमेरा तेवढ्यात किती चालला कुणाला कळलंच नाही. पोचूभाऊंना तर नाहीच नाही. त्यांच्या लेखी फोटो कधीच होऊन गेला होता.

"झाला?" त्यांनी विचारलं. "मिटले असतीन माहे."

उर्वशीनं पडदा कलाबाईपुढे धरला. कलाबाईनं चष्मा पुसून घातला, पाहिलं, पुन्हा काढून पुसला.

"हे दर फोटोच्या वक्ती असेच पाहात होते का गा माह्याकडं?" तिनं मुखरूला विचारलं.

मुखरूला एकदम सगळं दिसलं. पोराचं लग्न, बारसं, सत्कार. दर वेळी खटॅक झालं की त्याची मान खाली, रोलच्या काळात रोल पुढं सरकवायला, नंतर पडद्यात मिटलेले डोळे पाहून कपाळाला हात लावायला. आणि नेमका तेव्हा, त्याच्या समोर हातभर अंतरावर, हा फोटो घडत असायचा. जितक्या वेळा त्यानं खटॅक केलं, तितक्या वेळा.

"होय, काकी," तो म्हणाला. "मीच खाली पाहात होतो."

चार वाजता बिदाई झाली. फोटो केव्हाच स्वातीच्या मोबाईलवर गेला होता आणि ती गाडीत बसतानाही तोच बघत होती. बाया रडल्या, गुणाबाई तर इतकी रडली की मुलीकडची कोण आणि मुलाकडची कोण हेच कळेना. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. उर्वशी कॅमेरा पिशवीत ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "काका, तुमचा पेटीत ठेवू नोका हां. त्याच्याबिगर माह्या कॅमेऱ्यानं कोंबडीचोरच आणले असते." हिला कुणी सांगितलं पेटीचं, याचा मुखरू विचार करत होता.

तेवढ्यात पोचूभाऊ जवळ आले. नात गेल्यामुळे त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"मुखरू, एकडाव वाजव तं."

"फोटो, भाऊ?"

"फोटो नोको. नुसतं वाजव."

मुखरूनं गळ्यातला कॅमेरा कुणाकडेही न रोखता बोट दाबलं. खटॅक. पोचूभाऊंनी डोळे मिटले. मग उघडले, आणि आधी कलाबाईकडे पाहिलं, मग पोराकडे, सुनेकडे, मांडव सोडणाऱ्या एकेका माणसाकडे.

"एक पोरगी चामोर्शीले," ते स्वतःशीच म्हणाले. "बाकी सारे जागेवर हायेत." आणि उरलेला भात गोळा करणाऱ्या बायकोला हातभार लावायला ते चुलीकडे गेले.