घेतलं म्हटल्याशिवाय

"अहो, सोडा ना ते पातेलं!"

"आधी घेतलं म्हण."

"घेतलं बाबा, घेतलं! सोडा आता, चटका बसतोय."

तेव्हा कुठे आमच्या ह्यांनी दुधाच्या पातेल्याची कड सोडली. टेबलापाशी बसलेली लेक हसत सुटली. तिला यात नवीन काय होतं म्हणा! जन्मल्या दिवसापासून बघत आलीये. नर्सने तिला दुपट्यात गुंडाळून ह्यांच्या हातात दिलं, तेव्हा अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात गृहस्थ म्हणाले होते, "घेतलं!" नर्स म्हणाली, "अहो, मुलगी आहे ती, पार्सल नाही."

ही खोड ह्यांना वीजकेंद्राने लावली. आमच्या कॉलनीच्या मागेच कोळशावर चालणारं केंद्र, आणि हे तिथल्या कंट्रोल रूममध्ये शिफ्टचे प्रमुख. तिथली रीत अशी, की पाळी संपली म्हणून खुर्चीतून उठायचं नाही. जाणाऱ्याने म्हणायचं, "देतोय." येणाऱ्याने समोरचे मीटरचे काटे आणि दिवे स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचे आणि मगच म्हणायचं, "घेतलं." मान डोलावलेली चालत नाही, खुणा चालत नाहीत. शब्द कानावर पडला की जाणारा मोकळा. पुढे पुढे बाकीचे सैलावले. हातात चहाचा पेला धरून दारातूनच "घेतलं रे" म्हणायला लागले. ह्यांना ते चालायचं नाही. येणारा काट्यांपाशी येऊन उभा राहीपर्यंत हे जागचे हलत नसत. म्हणून केंद्रात ह्यांचं नाव पडलं डिंकराव. खुर्चीचं रेक्झिन फाटलं तेव्हा मीच निळ्या कापडाची उशी शिवून दिली. शिवणकाम हा माझा धंदा, पण त्या उशीइतकं माझं दुसरं कुठलंही काम कुणी झिजवलेलं नाही.

आणि लेक? इंजिनिअर झाली आणि नोकरीला लागली कुठे, तर पलीकडच्या माळावर, सौर पॅनेल आणि बॅटऱ्यांच्या नव्या केंद्रात. सरकारचं धोरण जाहीर झालं होतं. हवा तापत चाललीये, कोळसा थांबवायचा, आमचं केंद्र बंद करायचं आणि शहराचा विजेचा भार लेकीच्या केंद्राने उचलायचा. हे जमणार की नाही, यावर घरोघरी भांडणं. आमच्याकडे तर लेक तिकडच्या क्वार्टरमधून आली, की दोन्ही पक्ष एकाच टेबलावर जेवायचे.

"ऊन फुकट आहे, बाबा. कोळसा जमिनीतून काढा, आणा, जाळा, आणि वर राख सांभाळा."

"ऊन फुकट आहे, संध्याकाळ फुकट नाही. सगळे घरी येतात, दिवे लागतात, पंखे लागतात, आणि नेमका तेव्हाच तुझा सूर्य घरी जातो. तो काय माझ्यासारखा ओव्हरटाइम करणार आहे?"

"म्हणून तर बॅटऱ्या आहेत."

"माझ्या मोबाइलची बॅटरी दुपारीच मान टाकते. आणि तू मला शहराच्या गप्पा सांग."

"तुमचा मोबाइल जुना झालाय, बाबा."

"मीही जुनाच आहे. अजून चालतोय."

"तसं नाही हो." लेकीचा आवाज खाली आला. "उन्हाळे बघा ना कसे झालेत. दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. आपण आपलं जाळतच बसायचं का?"

जाळण्याची किंमत ह्यांना ठाऊक होती. कारण लहानपणी ह्याच लेकीच्या दप्तरात पुस्तकांबरोबर दम्याचा पंप असायचा. कॉलनीतल्या निम्म्या मुलांच्या दप्तरात असायचा. कपडे आम्ही घरातच वाळत घालायचो. गॅलरीत घातलेच, तर काढताना दोनदा झटकायचे. पहिल्या झटक्याला राख पडायची, दुसऱ्याला उरलीसुरली. ते काम ह्यांचं होतं, आणि ते पण हे कंट्रोल रूमसारखंच करायचे.

शेवटी हे एवढंच म्हणाले, "माझं म्हणणं साधं आहे, बाळ. घेणारा असेल तर मी उठतो. नसेल तर मला उठवू नका."

"मी घेणार आहे ना!" लेक म्हणाली.

मग चाचणीची संध्याकाळ ठरली. ऊन उतरलं की आमच्या केंद्राने भार द्यायचा आणि बॅटऱ्यांनी घ्यायचा. इकडे खुर्चीत बाप, फोनवर पलीकडे लेक. मी घरी मशीनवर पडदे शिवत होते आणि मनातून, खरं सांगते, लेकीच्या बाजूने होते. आई आहे मी, मला कसली निःपक्षपाती राहायची हौस! पण टीप अर्ध्यावर असताना मशीनची मोटर दमल्यासारखी झाली. दिवा लालसर पडला. मी श्वास रोखला, आणि दिवा पुन्हा उजळला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून आरोळी आली, "पडली! बॅटरी पडली!"

खाली राहायचे युनियनचे पुढारी. माणूस वाईट नव्हता. घसा मात्र देवाने सभेचा दिलेला.

हे घरी आले, बूट काढले आणि पाणी मागितलं.

"काय झालं हो?"

"ती घेतलं म्हणाली. मी बॉयलरची आग कमी करणार होतो, पण थोडा थांबलो. काटा घसरायला लागला, तसा भार परत आमच्यावर घेतला. त्यांच्या बॅटऱ्यांची एक रांग जोडलीच गेली नव्हती."

"तुम्ही का थांबलात?"

"असाच."

"असाच कसा? तुम्ही कधी असंच काही करता का?"

ह्यांनी बूट उचलून जागेवर ठेवले. लेकीचा त्या दिवशी फोन आला नाही.

त्यानंतर जनसुनावणी लागली. केंद्र बंद करायचं की नाही, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला एक निवृत्त न्यायाधीश येणार होते, आणि चाचणीचे साक्षीदार म्हणून ह्यांना बोलावणं आलं. सुनावणीच्या दिवशी सकाळी पुढारी आमच्या दारात हजर.

"डिंकराव, जास्त काही बोलू नका. नवी यंत्रणा पडली, एवढंच सांगा. खरंच आहे की ते! केंद्र वाचतं, कॉलनी वाचते. किती घरांच्या चुली त्याच्यावर आहेत, तुम्हाला मी सांगायला हवं?"

ते गेल्यावर माझा तोल सुटला. "म्हणजे आता बापाने भर सभेत लेकीला बुडवायचं? तिचं नाव जाईल, काम जाईल. किरकोळ बिघाड होता म्हणा की! तुमच्या शब्दाबाहेर कोण जातंय?"

हे बुटांना पॉलिश करत होते. "आणि मग खाली राहणाऱ्यांना काय सांगू? त्यांचीही पोरंबाळं आहेत."

"इकडे आड, तिकडे विहीर. मग करणार तरी काय?"

"झालं ते सांगणार."

"तुम्ही पण ना!" म्हणून मी चहाचा कप आपटला. त्याचा कान तुटला तो तुटलाच.

शाळेचं सभागृह खच्चून भरलं होतं. एका बाजूला केंद्रातले लोक, दुसऱ्या बाजूला माळावरच्या केंद्रातले. लेक तिकडे दुसऱ्या रांगेत. मी मध्ये बसले, खांबाला टेकून. न्यायाधीशांनी विचारलं, "त्या संध्याकाळी काय झालं?"

"माझी मुलगी घेतलं म्हणाली, पण तिने घेतलेलं नव्हतं," हे म्हणाले. "एक रांग जोडायची राहिली होती. ते न तपासताच ती घेतलं म्हणाली. चूक होती."

आमच्या बाजूने टाळ्यांचा कडकडाट झाला. लेकीने मान खाली घातली. मला तर उठून ह्यांचं तोंड दाबावंसं वाटलं.

"थांबा, माझं संपलेलं नाही," हे म्हणाले. "चूक माणसाची होती, यंत्राची नव्हती. त्या बॅटऱ्या मी त्यानंतर जाऊन बघून आलो. तपासून घेतल्या तर त्या भार उचलतात. मला आधी वाटत होतं की उचलणारच नाहीत. ते माझं चुकलं. आमचं पहिलं युनिट पेटवलं तेव्हा तेसुद्धा पुन्हा पुन्हा विझत होतं. तेव्हा कुणी आम्हाला हाकलून दिलं नाही, शिकू दिलं."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. पुढाऱ्यांचा चेहरा उतरला.

"ह्याच धुरामुळे माझ्या लेकीच्या दप्तरात दम्याचा पंप होता, आणि ह्याच धुरावर तिची फी भरली गेली. दोन्ही खरं आहे. एक सांगून दुसरं लपवणं मला जमणार नाही. केंद्र बंद करा, पण कागदावरच्या तारखेला नको. समोरचा घेतलं म्हणेल तेव्हा बंद करा. आमच्या माणसांना त्यांच्याकडचं काम शिकवा, आधी शिकवा, नंतर नको. आणि खरंच घेणारा समोर उभा राहिला, तर आम्हीही उठलं पाहिजे. मग खुर्चीला चिकटून राहणं हे काम नाही, हट्ट आहे. हे डिंकराव सांगतोय."

कुणीतरी हसलं. टाळ्या मात्र कुठल्याच बाजूने वाजल्या नाहीत. मी वाजवल्या. एकटीने, खांबाशी बसून. लोक वळून बघायला लागले, पण मला कुणाची भीड? असा माणूस माझ्या घरात पातेलं सोडत नाही म्हणून मी रोज कटकट करते, हे मनात आलं आणि माझे डोळे भरून आले.

जिन्यात पुढारी भेटले. म्हणाले, "वहिनी, घर फिरलं की वासे फिरतात, ते असं."

"वासे जागच्या जागी आहेत, भाऊजी," मी म्हटलं. "तुम्ही जरा वर बघून चाला."

लेक दोन दिवसांनी आली. आल्या आल्या म्हणाली, "सगळ्यांसमोर बोललात, बाबा."

"दिवेही सगळ्यांचेच मंदावले होते."

ती खुर्ची ओढून बसली. रडेल असं वाटलं, पण नाही रडली. "मला वाद जिंकायचा होता," ती म्हणाली. "तुम्ही फोनवर होतात म्हणून घाई झाली. पण एक सांगा, मी घेतलं म्हटल्यावरही तुम्ही आग कमी केली नाहीत. का?"

"काटे बघून आलेला माणूस आधी श्वास सोडतो, मग बोलतो. तू धावत आल्यासारखं बोललीस."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"शंका आली. मुलगी माझी, आवाज ओळखतो मी."

त्यानंतर पुष्कळ चाचण्या झाल्या. धोरणात ह्यांच्या म्हणण्यासारखा बदल झाला. ह्यांच्यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, लोक म्हणतात. कॉलनीतले बरेचजण माळावर शिकायला गेले. पुढारी सर्वांत शेवटी गेले आणि तिथेही सभा घ्यायला लागले. काहींनी मात्र ह्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. ज्यांच्याबरोबर उमेदीची वर्षं एका पाळीत काढली, ते समोरून आले की रस्ता बदलायचे.

केंद्राचा शेवटचा दिवस आला. घरच्यांनाही कंट्रोल रूममध्ये बोलावलं होतं. मी पहिल्यांदाच ती खोली बघितली. भिंतभर काटे, आणि मधोमध ती खुर्ची, माझी निळी उशी पार विटलेली. मोठे साहेब हार आणि फोटोवाले घेऊन तयार होते. बाहेर ऊन उतरलं.

फोनच्या स्पीकरवर हे म्हणाले, "देतोय."

पलीकडे शांतता. साहेबांनी घड्याळ बघितलं. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला. तरी शांतता.

"काय हो, लाइन तुटली का?" साहेब म्हणाले.

तेवढ्यात लेकीचा आवाज आला, "थांबा, बाबा. शेवटची रांग बघते आहे."

ह्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी लग्नातसुद्धा पाहिलेलं नाही. खोलीत सगळे खोळंबले होते, आणि हे आरामात टेकून बसले.

मग स्पीकरमधून श्वास सोडल्याचा आवाज आला. स्पष्ट ऐकू आला, अगदी मलासुद्धा.

"घेतलं."

ह्यांनी आग उतरवली. काटे एकेक करून खाली आले. वरचा दिवा जरासुद्धा मंदावला नाही. हे उठले. साहेब हार घेऊन पुढे झाले, तर हे खुर्चीकडेच बघत उभे. उठल्यावर त्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसतं, एवढंच ह्यांना माहीत होतं. आता कुणी बसायला येणार नव्हतं. मी पुढे होऊन उशी उचलली आणि काखेत मारली. "चला," मी म्हटलं.

ती उशी आता गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीवर आहे. समोर केंद्राची चिमणी आहे, धूर नाही. ऊन उतरायला लागलं की हे तिथे जाऊन बसतात, आणि मी चहा विचारला तरी उठत नाहीत. अंधारून येता येता फोन वाजतो.

"घेतलं, बाबा," लेक म्हणते. रोज.

"बरं," म्हणून हे उठतात आणि दोरीवरचे कपडे काढायला लागतात. काल माझी पांढरी साडी होती. तिला धरून ह्यांनी जोरात झटका दिला. काही पडलं नाही. हे जरा वेळ खाली फरशीकडे बघत राहिले, आणि मग सवयीने दुसऱ्यांदा झटकली.