गोधडीतलं अंजिरी लुगडं

"उसव म्हणते ना! लुगडं नाय निघालं तर मीच घर सोडते. तू ठेव बायको!" सारजाबाईंनी कात्री लेकापुढे आपटली.

उस्मानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत वैजनाथ मास्तर घामाघूम झाले. पोलिस ॲक्शननंतर शाळा उर्दूची मराठी झाली, तेव्हा त्यांनी सगळे त्रिकोण सुखरूप मराठीत आणले होते. आई आणि बायको यांना मात्र एका ओळीत आणणं जमलं नव्हतं. आपल्या वारलेल्या आईचं अंजिरी लुगडं सासूने बोहारणीला देऊन पातेलं घेतलं, हा बायकोचा, भानुमतीचा, आरोप. ते गोधडीत शिवलं, हे सासूचं म्हणणं. खरं काय ते कळलं नाही, तर भानुमती सकाळच्या मोटारीने फुलंब्रीला, माहेरी, निघणार होती.

"खडकांत खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा," मास्तर गोधडीचा खालचा पदर उसवत म्हणाले. "लुगडं जुनं, म्हणजे तळाशीच."

तळाशी गेल्या दिवाळीचा पडदा निघाला.

"गोधडी उलटी अंथरलीय, मास्तर! पोरांला बी असंच शिकवतोस व्हय?"

"खडकही कधी कधी उलटतात, आई."

"त्यांला डोळं नसतेत. तुला हाईत."

मास्तरांनी निमूट वरून उसवायला घेतलं. एक विटकं धडपं बाजूला झालं आणि खाली अंजिरी रंग दिसला.

"अंजिरी काय, सगळ्यांचीच असतात," भानुमती म्हणाली. पाळण्याला बांधायला तिच्या आईने त्याच लुगड्याच्या काठाची पट्टी फाडून दिली होती. ती तिने आणली.

"वर ठेव," मास्तर म्हणाले. "भूमितीत असंच करतात. एक आकृती दुसरीवर तंतोतंत बसली, की दोन्ही सारख्या."

भानुमतीने पट्टी काठावर ठेवली. रुईफुलावर रुईफूल बसलं. विणकराने चुकवलेला पिवळा धागासुद्धा पिवळ्या धाग्यावर बसला.

मास्तरांनी हळूच श्वास सोडला.

"घे काढून तुझं," सारजाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"राहू द्या, आत्याबाई. तिथंच ऊब हाय माझ्या आईला."

पट्टीही तिने उचलली नाही. तशीच आत ठेवून वरून धडपं ओढलं. सारजाबाईंना सुईचं नेढं दिसेना. भानुमतीने सुई घेतली, दोरा ओवला, परत दिला.

"टाकं बारीक घाला."

"आता तू शिकीव मला!"

थर सरकू नयेत म्हणून दोघींनी मिळून मास्तरांना गोधडीच्या मधोमध बसवलं. दोन टोकांकडून टाके घालत त्या त्यांच्याकडे सरकत होत्या, आणि मास्तर अजिबात हलत नव्हते.